आधी कबुली, मग समझोता

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कळंब तालुक्यातल्या एका गावात आम्ही बैठकीला बसलो होतो. घर बाईच्या माहेरचं. ओसरीवर जमातीचे चार बुजुर्ग, मुलाकडचे तिघं, बाईचा भाऊ आणि मामू. आत दाराच्या चौकटीपाशी ती, तिची अम्मी आणि मी. निकाहाला अकरा वर्षं झालेली, दोन लेकरं शाळेत जाणारी. नवरा पुण्यात ट्रकवर. त्यानं तीन वर्षांपूर्वी तिकडे दुसरा निकाह लावला होता. हिला कुणीच सांगितलं नाही. धुवायला काढलेल्या कपड्यांत दवाखान्याचा कागद सापडला. बाळंतपणाचा. बाईचं नाव अनोळखी, नवऱ्याचं नाव याचं.

बैठक तीन तास चालली. महिन्याला किती पैसे पाठवायचे, दुसरी गावात येणार की नाही, लेकरांच्या शाळेचं कोण बघणार, सगळं बोलून झालं. एक बुजुर्ग म्हणाले, "जाने दे बेटी. मरद जात है. शरीअत में मना तो नहीं. सबर कर." त्यावर ती आतून एकच वाक्य बोलली. "दूसरा किया, उसका बाद में देखेंगे. तीन साल झूठ कायकू बोला, वो पहले पूछो."

कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. चहा आला. समझोत्याचा कागद लिहिला गेला. नवऱ्यानं सही केली, तिनं केली, साक्षीदार म्हणून मीही केली. कागद एका बुजुर्गांनी घडी घालून खिशात ठेवला.

पैसे चार महिने आले. मग बंद झाले. तिनं कोर्टात पोटगीचा अर्ज केला. नवऱ्याच्या वकिलानं लेखी म्हणणं दिलं ते असं: ही माझी बायकोच नाही. दुसऱ्या निकाहाच्या आधीच मी हिला दोन साक्षीदारांसमोर, एकेक महिन्याच्या अंतरानं, तीन वेळा तलाक दिलेला आहे. म्हणजे आमच्यासमोर ओसरीवर बसून ज्यानं "माझी बायको" असं लिहिलेल्या कागदावर सही केली, तो त्या दिवशी तिचा नवराच नव्हता म्हणे. त्या तीन वर्षांत दर ईदला गावी येऊन तो जिच्या घरी राहिला, ती त्याची कुणीच नव्हती म्हणे. समझोत्याचा कागद मागितला, तर बुजुर्ग म्हणाले, "कहीं रखा था, मिल नहीं रहा." त्याची प्रत आम्ही कुणीच घेतली नव्हती.

मैत्रिणींनो, हा लेख मी त्या हरवलेल्या कागदापायी लिहिते आहे. मुस्लिम बाईच्या संसारात विश्वासघात होतो तेव्हा जमात सबर शिकवते, राजकारणी कायदा दाखवतात आणि आपण, बायांच्या संघटना, समझोता घडवून आणतो. तिघांनाही एक गोष्ट नको असते. खोटं बोलणाऱ्यानं खोटं बोललो म्हणून सांगावं, ही. माझं म्हणणं एवढंच आहे की कबुलीआधीचा समझोता हा समझोता नसतो. तो खोट्याला मिळालेला दुसरा साक्षीदार असतो.

सबर कशावर?

सबर हा शब्द मला परका नाही. त्याच शब्दावर मी लहानाची मोठी झाले. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला. सास्तूर आणि आसपासच्या गावांत झोपलेली माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. तेव्हा सबर या शब्दाला अर्थ होता. पाऊस पडला नाही, लेकरू दगावलं, तिथं माणूस दुसरं काय करणार? पण एका माणसानं ठरवून, तारीख ठरवून, काझी बोलावून केलेली फसवणूक हा भूकंप नव्हे. त्यावर सबर नसतो, जाब असतो.

"शरीअतमध्ये मनाई नाही" हे उत्तर तर न विचारलेल्या प्रश्नाचं आहे. ती बाई दुसऱ्या निकाहाच्या परवानगीबद्दल बोलतच नव्हती, खोट्याबद्दल बोलत होती. खोट्याला परवानगी कुठल्या शरीअतमध्ये आहे, ते त्या बुजुर्गांनी दाखवावं. कुराणात निकाहाला पक्का करार म्हटलं आहे. मीसाक हा तिथला शब्द. बायकोला ढीगभर संपत्ती दिलेली असली तरी ती परत घेऊ नका, कारण तिनं तुमच्याकडून पक्का करार घेतलेला आहे, असं त्याच ठिकाणी बजावलं आहे. एकाहून अधिक बायकांना मुभा आहे ती सर्वांना समान न्याय देण्याच्या अटीवर. आणि इच्छा असली तरी तो न्याय तुम्हाला पुरता जमणार नाही, असं पुढे त्याच सूऱ्यात, सूरे निसामध्ये, सांगितलं आहे. जिला दुसरीचा पत्ताच नाही तिला समान न्याय कसा दिला, याचं उत्तर कोणता मौलवी देईल?

निकाह हा करार आहे, हे आमचे लोक अभिमानानं सांगतात. इतरांकडे लग्न संस्कार, आमच्याकडे करार, म्हणून आमची बाई जास्त मोकळी, असं भाषणात येतं. मान्य. मग करारासारखं वागा. बाजार समितीत सोयाबीनचा सौदा झाला आणि व्यापाऱ्यानं वजनात मारलं, तर शेतकऱ्याला सबर शिकवत नाहीत. हिशेब मागतात. कराराचा अभिमान निकाह लावताना आणि करार मोडला की "मरद जात है", असं चालणार नाही.

खोट्याचे प्रकार

इतक्या वर्षांत मी ऐकलेली खोटी फार निराळी नाहीत. गाव बदलतं, खोटं तेच राहतं. ती ओळखता आली पाहिजेत, म्हणून एकेक सांगते.

पहिलं, मागच्या तारखेचा तलाक. हे खोटं का जन्मलं, ते समजून घ्या. इंदूरच्या शाहबानोला नवऱ्यानं १९७५ मध्ये घराबाहेर काढलं. तिनं एप्रिल १९७८ मध्ये पोटगी मागितली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यानं तलाक दिला. पोटगीच्या अर्जाला तलाक हे उत्तर होतं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला, त्यावर गदारोळ झाला आणि १९८६ चा कायदा आला. तेव्हापासून नवऱ्यांच्या वकिलांनी त्या कायद्याचा अर्थ असा लावला की तलाकनंतर इद्दतीच्या साधारण तीन महिन्यांपुरतेच पैसे द्यायचे. मग काय! तलाक जितका जुना दाखवाल तितकी पोटगी कमी. दोन साक्षीदार उभे करायचे, मेहर आणि इद्दतीच्या खर्चाची मनीऑर्डर पाठवली होती, हिनं घेतली नाही, असं लिहायचं. खोटं फुकट नव्हतं. त्याचा भाव कायद्यानंच ठरवून दिला होता.

हे खोटं आपल्याच भागातल्या न्यायालयानं पकडलं, ही गोष्ट आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठानं २ मे २००२ रोजी दगडू पठाण विरुद्ध रहीमबी पठाण या खटल्यात निकाल दिला. आपल्या जिल्ह्याची अपिलं जातात तेच हे खंडपीठ. निकाल असा की कोर्टात लेखी म्हणण्यात "मी तलाक दिला आहे" असं लिहिल्यानं तलाक होत नाही. कारण काय होतं, ते बायकोला कळवलं का, दोन्ही घरचे मध्यस्थ नेमले का, समेटाचा प्रयत्न झाला का, तो फसला का आणि त्यानंतर तलाक उच्चारला का, हे सगळं नवऱ्यानं पुराव्यानं सिद्ध करायचं. मध्यस्थांची ही अट न्यायमूर्तींनी घरून आणली नव्हती, ती कुराणातलीच आहे.

पाच महिन्यांनी, १ ऑक्टोबर २००२ ला, सर्वोच्च न्यायालयानं शमीम आरा खटल्यात तेच सांगितलं. त्या बाईनं १९७९ मध्ये पोटगीचा अर्ज केला होता. नवऱ्यानं १९९० मध्ये कोर्टाला सांगितलं, मी हिला १९८७ मध्येच तलाक दिला. कोणासमोर, काय कारणानं, तिला कधी कळवलं, काहीच नाही. कोर्टानं तो तलाक मानला नाही. त्याआधी २८ सप्टेंबर २००१ ला दानियल लतीफी खटल्यात ठरलं होतं की १९८६ च्या कायद्यातसुद्धा तीन महिन्यांत सुटका नाही. नवऱ्यानं इद्दतीच्या मुदतीत तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करायची. आणि १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तलाकपीडित मुस्लिम बाईलाही पोटगीच्या सर्वसाधारण कलमाखाली, म्हणजे पूर्वीच्या १२५ खाली, दाद मागता येते. आता नव्या संहितेत ते कलम १४४ आहे. थोडक्यात, मागच्या तारखेचं खोटं आता कायद्यात टिकत नाही. तरी ते रोज सांगितलं जातं, कारण आपल्या बायांना आणि पुष्कळदा त्यांच्या वकिलांनाही हे ठाऊक नसतं. "तलाक झाला म्हणे," असं तोंड पाडून सांगत बाई येते आणि आपणही "झाला का?" म्हणून मान हलवतो. झाला म्हणे नव्हे, सिद्ध कर म्हणावं.

दुसरं, माफ केलेला मेहर. मेहर हा बाईचा हक्क, नवऱ्यावरचं कर्ज. मी पाहिलेल्या कित्येक निकाहनाम्यांत तो हजार-दोन हजारांचा असतो आणि त्याच लग्नात जहेज आणि जोडे की रकम लाखात. तेवढाही हातात पडत नाही. पहिल्या रात्रीच "मेहर माफ कर" म्हणतात, किंवा मय्यतीच्या वेळी चार जणी विधवेला धरून नेतात आणि मुर्द्यासमोर माफ करायला लावतात. जिला नाही म्हणायची सोय नाही, तिची माफी कसली? सोन्याचंही तसंच. मोटारसायकलच्या हप्त्यासाठी, दीराच्या दुकानासाठी दागिने गहाण पडतात आणि बाईला पावतीही दिसत नाही. बायकोची मालमत्ता परस्पर विकणं किंवा तिच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क तिला वापरू न देणं, हे मुस्लिम विवाहविच्छेदाच्या १९३९ च्या कायद्यात क्रूरतेच्या व्याख्येतच बसवलेलं आहे. हे घरगुती कुरबुरीत मोडत नाही. हे विवाह मोडून मागायला पुरेसं कारण आहे.

तिसरं, तिच्या तोंडून वदवलेला खुला. मला हे सगळ्यात नीच वाटतं. नवऱ्याला दुसरी आणायची असते किंवा आणलेली असते. तलाक दिला तर मेहर, इद्दत, तरतूद, सगळं अंगावर येतं. म्हणून तो तलाक देत नाही, नांदवतही नाही. बोलणं बंद, खर्च बंद, येणं बंद. वर्ष-दोन वर्षांत बाई कंटाळून म्हणते, मला मोकळं करा. तेवढ्याचीच वाट बघत असतात. कागद तयारच असतो: मी माझ्या राजीखुशीनं खुला घेत आहे, मेहर, इद्दतीचा खर्च व पुढील सर्व हक्क सोडत आहे. फसवणूक त्यानं केली आणि किंमत तिनं मोजली. वर गावात बोलायला मोकळे, "उसीने छोडा."

म्हणून कार्यकर्त्यांनी एक गोष्ट पाठ करावी. सुटका हवी असलेल्या बाईला खुल्याच्या कागदाकडे ढकलण्याआधी १९३९ चा कायदा उघडून दाखवा. दोन वर्षं पोसलं नाही, तीन वर्षं योग्य कारणाशिवाय वैवाहिक कर्तव्य पाळलं नाही, चार वर्षं ठावठिकाणा नाही, छळ केला, किंवा एकाहून जास्त बायका असून कुराणाप्रमाणे समान वागवलं नाही, अशा कारणांवर कोर्टाकडून विवाह मोडून मिळतो. आणि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे तिचा मेहरचा हक्क शाबूत राहतो. हा कायदा इंग्रजांनी लादला, असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, त्यामागे मौलाना अशरफ अली थानवींसारख्या उलेमांचा पाठिंबा होता. नवरे नांदवत नाहीत आणि सोडतही नाहीत म्हणून बाया सुटकेसाठी धर्म सोडू लागल्या, तेव्हा तो करावा लागला. म्हणजे हे दुखणं उलेमांनाही शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. आपल्या ओसरीवरच्या बुजुर्गांना ते अजून दिसायचं आहे.

चौथं, लपवलेली कमाई. पुण्यात पंचवीस हजार कमावणारा कोर्टात आला की रोजंदारीवरचा हमाल होतो. यावर सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात उपाय सांगितला आहे. दोघांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. त्या प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं तर ते शपथेवरचं खोटं होतं. तेव्हा नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं का, हा प्रश्न पहिल्याच तारखेला विचारा.

आणि पाचवं खोटं उलट्या दिशेचं आहे. स्वतः फसवणारा नवरा बायकोवरच शक घेतो. फोन तपासतो, माहेरी बदनामी करतो, चारचौघांत तिच्या चारित्र्यावर बोलतो. लक्ष त्याच्या खोट्यावरून तिच्या चालचलनावर वळतं आणि बैठक तिचीच होते. बायकोवर व्यभिचाराचा खोटा आळ घेणं यालाही इस्लामी कायद्यात उत्तर आहे. त्याला लिआन म्हणतात. अशा खोट्या आळावरून बाईला विवाह मोडून मागता येतो, हे अलाहाबाद उच्च न्यायालयानं १९१९ मध्येच मानलं आहे.

खोटं एका धर्माचं नाही

इथं मला दोन दिशांना बोलायचं आहे.

एक त्यांच्याशी, ज्यांना मुस्लिम बाईचं दुःख दिसलं की एकदम उमाळा येतो. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. हिंदू नवऱ्यानं पहिली असताना दुसरी केली. त्याचं कोर्टात म्हणणं काय, तर दुसरं लग्न विधिवत झालंच नाही. होम आणि सप्तपदी सिद्ध झाली नाही आणि तो सुटला. मुस्लिम नवरा म्हणतो पहिली माझी बायको उरलीच नव्हती, हिंदू नवरा म्हणतो दुसरी माझी बायको झालीच नव्हती. खोटं एकच, फक्त कोणत्या बाईला पुसायचं एवढा फरक. तिसरा प्रकार १९९५ च्या सरला मुद्गल खटल्यात दिसला. दुसरी करता यावी म्हणून हिंदू नवरे कागदावर मुसलमान झाले. १९८० च्या दशकात संगमनेरहून परित्यक्तांची चळवळ उभी राहिली ती काही एका धर्माच्या टाकलेल्या बायांची नव्हती. ज्यांना आमच्या घरातला अन्याय फक्त मोर्च्यात घोषणा द्यायला हवा आहे, त्यांनी आधी आपल्या आळीतल्या परित्यक्तेच्या घरी जाऊन यावं.

दुसरं आपल्या समाजातल्या त्या भाईंशी, जे म्हणतात, "आपा, आत्ता हे बोलू नका, वेळ बरी नाही." वेळ १९६६ मध्येही बरी नव्हती. त्या वर्षी १८ एप्रिलला हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम बायांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. १९८५ मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाक मुक्ती मोर्चा निघाला तेव्हाही वेळ बरी नव्हती. २०१५ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलनानं दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम बायांना विचारलं, तेव्हा ९२.१ टक्के जणींनी तोंडी, एकतर्फी तलाक नको म्हणून सांगितलं. बायांची वेळ कधी येते, हे भाईंनी एकदा लिहून द्यावं. आम्ही तोवर चहा घेतो.

२०१७ मध्ये शायरा बानो खटल्यात एका दमातला तीन तलाक रद्द ठरला. २०१९ मध्ये कायदा आला, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. पहिल्या निकालाचा मला आनंद झाला. दुसऱ्या कायद्याचं मात्र एवढंच म्हणेन की तो एकाच प्रकारच्या तलाकपुरता आहे. नवरे शहाणे झाले. आता कुणी एका दमात बोलत नाही. आता "तीन महिन्यांत दिला" म्हणतात, नाहीतर काहीच न म्हणता निघून जातात. निघून जाण्याला शिक्षा नाही, खोट्याला शिक्षा नाही. पुढारी मात्र मुस्लिम बहिणींचा प्रश्न सुटल्याचं सांगत फिरतात. कळंबच्या त्या बाईचा कोणता प्रश्न सुटला?

आता आपलं

दुसऱ्यांना बोलणं सोपं. आता स्वतःकडे येते.

आपल्या संघटनांच्या वार्षिक अहवालांत एक रकाना असतो: इतक्या तक्रारी आल्या, इतक्यांत समझोता झाला. समझोत्याचा आकडा मोठा असला की आपल्याला बरं वाटतं, अनुदान देणाऱ्यांनाही बरं वाटतं. त्या समझोत्यांचं पुढे काय झालं, असा रकाना मी कुठेच पाहिलेला नाही. कळंबची केस आमच्याही अहवालात समझोता म्हणूनच गेली होती.

बाईला संसार टिकवायचा असेल तर तिनं टिकवावा. तो तिचा हक्क आहे आणि त्यात कमीपणा नाही. लेकरं आहेत, माहेरची परिस्थिती नाही, कधी कधी त्या माणसावर जीवही असतो. तिनं माफ करावं की नाही, हे सांगणाऱ्या आपण कोण? पण माफी हा तिचा निर्णय असेल तर तो पूर्ण माहितीवर झाला पाहिजे. काय माफ करतेय हेच तिला माहीत नसेल, तर तिला दुसऱ्यांदा फसवलं गेलं, आणि या वेळी आपल्या उपस्थितीत. म्हणून माझी मागणी आहे की यापुढे आपल्या कोणत्याही केंद्रात फसवणुकीच्या तक्रारीत समझोता लिहिण्याआधी हे नियम पाळावेत.

१. आधी कबुली, तीही लेखी. दुसरा निकाह केला असेल तर कधी, कुठे, कोणत्या काझींनी लावला, लेकरं किती, पहिलीला का सांगितलं नाही. "झालं गेलं" हे उत्तर लिहून घ्यायचं नाही.

२. मग हिशेब. मेहर दिला का, दागिने कुठे आहेत, कर्ज कुणाच्या नावावर आहे, कमाई किती. कागदांसह.

३. त्यानंतर बाईला मुदत. बैठकीच्या दिवशीच तिच्याकडून होकार घ्यायचा नाही. निदान महिनाभर तिनं माहेरी किंवा हवं तिथं राहून विचार करावा. नवऱ्यानं दुसरी केली असेल तर पहिलीनं वेगळं राहून पोटगी मागणं रास्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये बेगम सुबानू खटल्यात सांगितलं आहे, दुसरा निकाह धर्मानं चालत असला तरीही. "नांदायला जात नाही म्हणून पोटगी नाही" ही धमकी तिथं संपते.

४. समझोत्यात तारखा आणि रकमा. पैसे बँकेत, हातात नाही. अट मोडली तर काय, तेही लिहायचं. आणि सहीच्या आधी प्रती काढायच्या: एक बाईकडे, एक संघटनेकडे. बुजुर्गांच्या खिशात एकमेव कागद कधीच नाही.

५. बाई वाचू शकत नसेल तर तिच्या भाषेत, दखनीत सांगायची तर दखनीत, कागद मोठ्यानं वाचायचा. "सब तेरे भले का लिखा है" यावर अंगठा घ्यायचा नाही.

६. तलाक किंवा खुल्याचा कोणताही कागद पुढे आला की वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. जमातीचा किंवा दारुल कझाचा निर्णय कायद्यानं बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मानायचा की नाही, हे बाईनं ठरवायचं.

आणि हे सगळं बिघडल्यावरचं. बिघडण्याआधीचं काम निकाहनाम्यात आहे. दुसरा निकाह केला किंवा इतके महिने खर्च दिला नाही, तर तलाकचा अधिकार बायकोला, अशी अट निकाहनाम्यात घालता येते. त्याला तफवीज म्हणतात. फिकहमध्ये ती आहे आणि आपल्या न्यायालयांनी ती मानलेली आहे. मग आमच्या जिल्ह्यात असा एक तरी निकाहनामा का दिसत नाही? कारण लग्नाच्या दिवशी मुलीच्या बापाला शामियान्याची, जेवणाची, जोडे की रकमेची काळजी असते. त्या चार ओळी लिहायला सांगणं त्याला अपशकुन वाटतो. माझ्या दोन भाच्यांच्या वेळी मी हा विषय काढला. मोठीच्या वेळी मला गप्प बसवलं. धाकटीच्या वेळी धाकटीच बोलली, आणि काझीसाहेबांनी थोडी कुरकुर करून का होईना, खर्चाची अट लिहिली. मुलगी बोलली म्हणून झालं, मी बोलले म्हणून नव्हे. म्हणून शिबिरं लग्न झालेल्यांची घेतो, त्याहून जास्त दहावी-बारावीच्या मुलींची घ्यायला हवीत.

निकाहाची सरकारी नोंदणीही करावी. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, तो सर्वांना लागू आहे. नोंदणीनं कुणी प्रामाणिक होत नाही. पण "ही माझी बायकोच नव्हती" असं म्हणणं अवघड होतं.

कुणी म्हणेल, आपा, संसार काय कागदावर चालतो? नाही चालत. विश्वासावर चालतो. पण विश्वास मोडला की दोघांपैकी एकाकडे जमात असते, भाऊबंद असतात, वकील असतो, पुण्यातली खोली असते. दुसरीकडे कागदाशिवाय काय असतं? ज्याच्याकडे बाकी सगळं आहे तोच कागदाला हसतो.

कळंबची केस चालू आहे. तारखेला ती सकाळच्या एसटीनं येते, डब्यात भाकरी बांधून, धाकट्याला घेऊन. तिच्याकडे निकाहनामा आहे, दवाखान्याचा तो कागद आहे, मुलांचे शाळेचे दाखले आहेत. समझोत्याचा कागद नाही. त्या दिवशी ओसरीवर त्यानं काय कबूल केलं आणि कशावर सही केली, हे सांगायला साक्षीदार लागणार आहेत. चार बुजुर्गांपैकी दोघांची तब्येत बरी नाही, तिसरे विसरले, चौथ्यांचा कागद सापडत नाही. तिच्या वकीलबाईंनी मला विचारलं, तुम्ही येणार का? उलटतपासणीत विचारतील, तुम्ही संघटनेच्या, शिकल्यासवरलेल्या, मग प्रत का घेतली नाही? तीन वर्षांच्या खोट्याबद्दल बैठकीत का विचारलं नाही?

मी जाणार आहे. या दोन्ही प्रश्नांचं माझं उत्तर एकच आहे आणि ते मला शपथेवर द्यावं लागणार आहे: चुकलं. नवऱ्याकडून जी कबुली मी मागायला हवी होती, ती आधी मलाच द्यावी लागते आहे. ती देऊन झाली की तो आतून आलेला प्रश्न मी भर कोर्टात पुन्हा विचारीन. तीन साल झूठ कायकू बोला?

तुमच्या गावी पुढच्या बैठकीला बसाल तेव्हा मात्र तो चहाच्या आधी विचारा.